घरघंटी विकणे आहे

सात वर्षांत आमच्या घरघंटीच्या कोपऱ्यावर सुमेधाचा गुडघा किती वेळा आपटला असेल याची मोजदाद नाही. पण त्या मंगळवारी आपटला तेव्हा ती ओरडली नाही. नुसती खाली बसली, गुडघा चोळत राहिली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, ही काढा घरातून."

सुमेधा शांतपणे बोलली की मला धास्ती वाटते. मी ताबडतोब म्हणालो, "विकून टाकू."

यावर ती हसली. गुडघा दुखत असतानाही हसली. "तुम्ही? तुम्ही विकणार?"

हे हसणं मला लागलं. मी छत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं. नफा-तोटा या प्रकरणावर रत्नागिरीच्या निम्म्या व्यापाऱ्यांनी माझ्या हातचा मार खाल्लेला आहे. आता हेही खरं, की माझी स्कूटर मी सुमेधाच्या भावाला 'आठ दिवस चालवून बघ, पटली तर घे' म्हणून दिली आणि तो गेली अकरा वर्षं ती चालवून बघतो आहे. जुनं कपाट नेणाऱ्या माणसाला मीच हमालीचे पैसे दिले, हेही खरं. पण म्हणून बायकोने एवढं हसावं?

"या घरातली एक वस्तू विकून दाखवा," सुमेधा म्हणाली, "मी पुन्हा स्कूटरचं नाव काढणार नाही."

झालं. त्या क्षणापासून घरघंटी ही वस्तू राहिली नाही, तो माझ्या इभ्रतीचा प्रश्न झाला.

ज्यांच्याकडे ती नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरघंटी म्हणजे घरातली पिठाची चक्की. बुटक्या कपाटाएवढी असते. वरून धान्य घालायचं, खालच्या डब्यात पीठ पडतं, आणि मधल्या वेळात घाट चढणाऱ्या एसटीसारखा आवाज येतो. आमची चालू अवस्थेत होती, एका मालकाची होती, आणि पुण्याला गेलेल्या आमच्या मुलाच्या, अनिशच्या भाषेत सांगायचं तर 'कंडिशन एक नंबर' होती. मी किंमत ठरवली नऊ हजार.

ही बातमी वरच्या मजल्यावरच्या अण्णांना कशी कळली ते माहीत नाही. अण्णांनी जन्मात काही विकलेलं नाही, त्यामुळे विक्रीवर बोलायला ते अगदी मोकळे असतात.

"फणसळकर, पंधरा लिहा. लोक निम्म्याने मागतात."

"निम्म्याने मागितली तर साडेसात येतील. मला नऊ हवेत."

"मग अठरा लिहा."

"अहो, अठराला नवी मिळते."

"मग नवीच आहे असं लिहा," अण्णा म्हणाले आणि आपण मोठा पेच सोडवला अशा चेहऱ्याने चहाची वाट बघत बसले.

तळमजल्यावरच्या दीपालीने माझ्या फोनवर जुन्या वस्तू विकायचं ॲप घालून दिलं. ती बँकेत असते, हुशार मुलगी. "काका, फोटो काढा, चार ओळी लिहा, झालं. माझा सोफा दोन दिवसांत गेला." मी घरघंटी पुसून घेतली, खिडकीच्या उजेडात नेली आणि फोटो काढला. चार ओळींच्या अकरा झाल्या, पण शुद्ध लिहिल्या. जाहिरात पाठवली. दहा मिनिटांत उत्तर आलं: 'आपली जाहिरात नाकारण्यात आली आहे. सजीव प्राण्यांच्या विक्रीस मनाई आहे.'

मी फोटो नीट पाहिला. घरघंटीवर बाबल्या बसला होता. बाबल्या हा आमच्या इमारतीचा सार्वजनिक बोका. जिथे जरा ऊब, जिथे जरा स्वच्छता, तिथे तो असतोच, त्यामुळे आम्हाला तो दिसेनासा झाला आहे. ॲपला दिसला.

वास्तविक मी दुसरा फोटो टाकायला हवा होता. पण माझ्यावर, एका सेवानिवृत्त शिक्षकावर, प्राणी विकल्याचा आळ आला होता. तो तसाच ठेवून पुढे कसं जायचं? मी रीतसर अपील केलं. 'सदर बोका विक्रीस नाही. तो केवळ बसला आहे. त्याच्या मालकीबाबत आमचा कोणताही दावा नाही.' सोबत पुरावा म्हणून बोक्याचा वेगळा फोटो जोडला. उत्तर आलं: 'आपण हाच प्रकार पुन्हा केल्याने आपलं खातं तीन दिवस स्थगित करण्यात येत आहे. आपलं समाधान हेच आमचं ध्येय.'

"बोक्याला किती आले?" सुमेधाने विचारलं.

तीन दिवसांनी बोक्याशिवायची जाहिरात लागली. आता गिऱ्हाइकं येणार म्हणून मी दाढी केली. पहिला निरोप आला: 'Last'. एवढंच. मी तो शब्द दीपालीला दाखवला. दीपालीने सांगितलं, "काका, शेवटची किंमत किती, असं विचारतोय." अहो, पण पहिली वाचली का? नमस्कार नाही, चमत्कार नाही. मी लिहिलं, 'महोदय, किंमत वर नमूद केली आहे. वाक्य पूर्ण लिहावे.' त्याने एक अंगठा पाठवला आणि नाहीसा झाला.

मग रांगच लागली. 'आहे का?' असं विचारून, 'आहे' म्हटल्यावर कायमचे गप्प होणारे सतरा. 'दोन हजार, आत्ता उचलतो' म्हणणारे चार. एकाला घरघंटीच्या बदल्यात दोन लव्हबर्ड आणि पिंजरा द्यायचा होता. प्राण्यांच्या बाबतीत मी एकदा पोळलेला असल्याने त्याला उत्तरच दिलं नाही. खेडचा महिपत नावाचा एक गृहस्थ मात्र फोनवर फार गोड बोलला. "सर, नऊ तर नऊ. माणसं महत्त्वाची. रविवारी येतो, धरून ठेवा." मी धरून ठेवली. रविवारी सकाळी त्याचा निरोप आला, 'निघालो'. दुपारी, 'चिपळूण'. संध्याकाळी काहीच नाही. पुढच्या रविवारी पुन्हा 'निघालो', पुन्हा 'चिपळूण'. तिसऱ्या रविवारी मी फोन केला तेव्हा मागे मिक्सरचा आवाज येत होता. "सर, काय सांगू, आता चिपळूणच्या पुढे..." तो म्हणाला आणि मागून एक बाई ओरडली, "अहो, जेवायला येताय की नाही?"

मी फोन ठेवला. फसल्याचं दुःख नव्हतं. मी दोन रविवार पोहे करायला लावले, याचं सुमेधापुढे काय करायचं, हा प्रश्न होता.

पण हरिश्चंद्राची गोष्ट याहून निराळी. एका सकाळी साडेआठला दार वाजलं. दारात तीन माणसं, पांढरे सदरे, कपाळाला गंध. खाली टेम्पो उभा. पुढचा म्हणाला, "मी हरिश्चंद्र. संगमेश्वरच्या बाजूचे आम्ही. देवस्थान कमिटी. वस्तू बघायला आलो."

देवस्थानाला प्रसादाच्या पिठासाठी हवी असेल, असं मी धरून चाललो. मला गहिवरूनच आलं. सरबत झालं, पाणी झालं. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि घरघंटीवरचं फडकं बाजूला केलं.

"घंटा कुठाय?" हरिश्चंद्राने विचारलं.

"ही काय."

"ही?" त्याने वाकून मागे पाहिलं. "आत आहे का?"

उलगडा व्हायला पाच मिनिटं लागली. त्या ॲपने माझ्या अकरा शुद्ध ओळींचं परस्पर इंग्रजी केलं होतं आणि हरिश्चंद्राच्या पुतण्याच्या फोनवर वस्तूचं नाव उमटलं होतं 'हाऊस बेल'. वजन बेचाळीस किलो. पितळेची बेचाळीस किलोची घंटा नऊ हजारात, म्हणून ही मंडळी पहाटे टेम्पो करून निघाली होती. फोटो उघडलाच नव्हता.

मी ओशाळलो. चूक माझी नव्हती, पण माझ्या स्वयंपाकघरात तीन माणसं देवाच्या नावाने फसली होती. त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा मात्र समजूतदार होता. एवढं आलोच आहोत, या विचाराने तो म्हणाला, "मास्तर, वाजवून तरी दाखवा."

मी बटण दाबलं. डबे थरथरले. म्हाताऱ्याने डोळे मिटून ऐकलं.

"आवाज चांगला हाय," तो म्हणाला, "पण आरतीला नाय चालायची."

त्यांचं टेम्पोचं भाडं मी देऊ केलं. हरिश्चंद्राने हात जोडून नाकारलं, हे सांगायलाच हवं. सुमेधाने पैसे देऊ करणाऱ्या माझ्याकडे जे पाहिलं, तेही सांगायला हवं, पण त्याला शब्द नाहीत.

आता एवढं झाल्यावर शहाणा माणूस थांबला असता. अण्णा तेच म्हणत होते. "भंगारवाल्याला द्या. साळवी स्टॉपला माझ्या ओळखीचा आहे." भंगार! कंडिशन एक नंबर आणि भंगार! मी अण्णांना चहा दिला नाही. आमच्या अठरा वर्षांच्या शेजारात हे पहिल्यांदा घडलं.

त्याच आठवड्यात फोन आला. पलीकडचा माणूस स्वतःला लष्करातला अधिकारी म्हणवत होता. बदली झाली आहे, घरघंटी न बघता घेतो, पूर्ण नऊ हजार, पैसे आत्ता. "सर, मी एक चौकोनी कोड पाठवतो. तो स्कॅन करा, पिन घाला, पैसे तुमच्या खात्यात."

मला लगेच संशय आला, असं मी अण्णांना सांगितलं आहे. इथे खरं सांगतो. मला आला नाही. पूर्ण किंमत, घासाघीस नाही, वर 'सर' म्हणतो. मी विरघळलो होतो. फक्त गणिताच्या सवयीने एवढंच म्हणालो, "आधी एका रुपयाचं करून बघू. ताळा जुळला की पुढचं." त्याने एका रुपयाचा कोड पाठवला. मी पिन घातला. रुपया आला नाही. गेला.

"तुमच्याकडून आला नाही," मी म्हणालो, "माझ्याकडून गेला."

"सर, सर्व्हरचा प्रॉब्लेम. आता नऊ हजारांचा करा, तो रुपयाही परत येईल."

"थांबा. मला मिळायचे आहेत, मग पिन माझा का? घ्यायला चावी लागते की द्यायला? समजावून सांगा." मग मी त्याला सोडला नाही. वजाबाकीपासून सुरुवात केली. तो सर्व्हर म्हणाला की मी पायरी विचारायचो, तो नियम म्हणाला की मी सिद्धता मागायचो. वीस मिनिटांनी तो हिंदीत काहीतरी पुटपुटला आणि त्याने मला ब्लॉक केलं. मला! चोराने!

दुसऱ्या दिवशी मी पोलिसांत गेलो. सुमेधा म्हणाली, "एका रुपयासाठी?" मी म्हणालो, "तत्त्वासाठी." टेबलाशी बसलेला हवालदार सज्जन होता. त्याने सगळं लिहून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "एकूण नुकसान?"

"एक रुपया."

त्याने पेन खाली ठेवलं. "हजार?"

"रुपया."

मग त्याने खिशात हात घातला, एक नाणं काढलं आणि अदबीने माझ्यापुढे ठेवलं. "काका, हे घ्या. उन्हातून आलात, पाणी प्या."

माझा आवाज चढला. "हा रुपया तुमचा आहे. मला माझा हवाय." मागे बाकावर बसलेले दोघेजण हसले. त्यातला एक, हातात बेडी असलेला, जास्त हसला. पण मी हललो नाही. आज माझा रुपया, उद्या कुणाची पेन्शन, असं मी उभा राहून सांगितलं. शेवटी त्याने तक्रार नोंदवली, पोच दिली. ती पोच घेऊन मी मारुती मंदिरापर्यंत चालत आलो, मान ताठ ठेवून. ती माझ्याकडे अजून आहे. रुपया नाही.

आणि मग विमलाचा फोन आला.

"मास्तर, मी विमला बोलतंय, मिरजोळ्याच्या पुढून. आमच्या आरोहीनं जाहिरात दाखवली. चक्की हाय का गेली?"

पूर्ण वाक्यं! मी खुर्चीत सरळ बसलो. "आहे. कधी येता?"

"बुधवारी येतंय. दुसऱ्याला देऊ नका हां. मी कामाचा दिस मोडून येतंय."

"तुम्ही येईपर्यंत कुणालाही देणार नाही," मी म्हणालो. "हा माझा शब्द."

बुधवारी ती खरंच आली, सांगितलेल्या वेळेच्या आधी दहा मिनिटं. पन्नाशीची, सडपातळ, नाकात चमकी, काखेत कापडी पिशवी. पाणी प्यायली आणि पिशवीतून तीन पुरचुंड्या काढल्या: गहू, तांदूळ, नाचणी. "जाहिरात काय, कुनीबी लिवतं," ती म्हणाली. "दळून बघू." चटणीसाठी खोबरं किसणारी सुमेधा हात थांबवून बघायला लागली.

विमलाने गहू दळले. पीठ चिमटीत घेतलं, अंगठ्याने चोळलं आणि भुवई उंचावली. "ताई, याच्या पोळ्या करता तुमी?"

"सात वर्षं," सुमेधा म्हणाली.

"चिरत्यात ना कडेला?"

सुमेधाच्या हातातली किसणी खाली गेली. आमच्या घरात पोळी हा विषय नाजूक आहे. सात वर्षं आमच्या पोळ्या कडेला चिरतात. सात वर्षं मी, अगदी सहज, ताट पुढे ओढताना, 'आमची आई पोळ्या कशा करायची' एवढंच म्हणत आलो आहे. सात वर्षं आम्ही गहू बदलले, तवा बदलला, एकदा गॅसही बदलला.

विमलाने दार उघडून आत हात घातला. "जाळी जाडी लावलीय. ही भरड्याची. बारीक कुठाय?"

मी म्हणालो, कंपनीच्या माणसाने बसवून दिली ती तशीच आहे. बाकीच्या जाळ्या माळ्यावर, पुस्तकासोबत, पिशवीचं तोंडही न उघडता ठेवल्या होत्या. पुस्तक वाचायची जबाबदारी माझी होती. मीच मागून घेतली होती. विमलाने बारीक जाळी बसवली आणि उरलेले गहू दळले. डब्यात जे पडलं ते पीठ नव्हतं, पावडर होती, चेहऱ्याला लावावी अशी. सुमेधाने ओंजळ भरून घेतली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, यावरून मी ओळखलं की पुढची काही वर्षं कशी जाणार आहेत.

विमला मात्र आपल्या व्यवहारात होती. घरी भाजणी, नाचणीचं पीठ, घावनाचं पीठ करून ती विकायची. दळण आणायला आठवड्यातून दोनदा चाळीस चाळीस किलो डोक्यावर घेऊन एसटीने यायची. "मान गेली माझी," ती म्हणाली. मग पदर खोचून, "सात हजार देतंय."

"नऊ."

"जाळी उघडली पन नाय तुमी सात वर्सं. तुमाला ठावं तरी हाय काय विकताय ते?"

हे खरं होतं, म्हणूनच मी जास्त कडक झालो. "नऊ म्हणजे नऊ."

"साडेसात. टेम्पो माझा."

"नऊ."

"विकायची नाहीये," सुमेधा म्हणाली.

आम्ही दोघेही वळलो. सुमेधा पिठाची परात दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती. "चांगली आहे की. मी उगाच म्हणत होते. विकायची नाहीये आता."

विमला एका क्षणात पुढे झाली. "नऊ देतंय."

"बाई, अहो पण—"

"मास्तर, तुमचा शब्द होता," विमला माझ्याकडे बघून म्हणाली. आवाज चढवला नाही. रुमालाची गाठ सोडून नोटा तिने आधीच बाहेर काढल्या होत्या.

दार उघडंच होतं, त्यामुळे जिन्यात अण्णा येऊन उभे होते. ते म्हणाले, "फणसळकर, बारा सांगा!"

मी आयुष्यात एवढा कोंडीत सापडलो नव्हतो. एका बाजूला बायको, जिला सात वर्षांनी पहिल्यांदा हवं तसं पीठ मिळालं होतं, आणि माझ्याच आळसामुळे इतकी वर्षं मिळालं नव्हतं. दुसऱ्या बाजूला कामाचा दिवस मोडून आलेली बाई. मला थोर म्हणू नका. तिच्या मानेचा विचार माझ्या मनात आला, पण तो तिसरा होता. पहिला विचार आला तो बोक्याचा, महिपतचा, घंटेचा, त्या ब्लॉक करणाऱ्या चोराचा, बेडीतल्या हसणाऱ्या माणसाचा. दोन महिने! आणि आता, नऊचे नऊ हजार समोर असताना, माघार?

"दिली," मी म्हणालो.

"अहो!"

"सुमेधा, शब्द दिलाय. ही गेली. आणि अण्णा, तुम्ही आलाच आहात तर खालची बाजू धरा."

दोन जिने उतरवताना अण्णांनी 'डावीकडे' आणि 'उजवीकडे' या दोनच शब्दांत जेवढा गोंधळ घालता येतो तेवढा घातला. माझं करंगळीचं नख गेलं. टेम्पोत चढवल्यावर विमलाने घरघंटीला दोरी बांधली, स्वतः तिच्या शेजारी मागे बसली आणि तिच्यावर हात ठेवला, जसं गावी जाताना म्हातारीला धरून बसावं तसं. "मास्तर, येतंय हां," म्हणाली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून सुमेधा बघत होती. तिने हात हलवला. मला नाही, विमलाला.

घरात आल्यावर मी नोटा टेबलावर ठेवल्या, पंख्याखाली, वजन ठेवून. "विकून दाखवली," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "दाखवलीत." आणि दळणाचा पाच किलोचा डबा माझ्या हातात दिला.

म्हणून हल्ली दर शनिवारी सकाळी मी मारुती मंदिराच्या पुढच्या गिरणीत रांगेत उभा असतो. डबा खांद्यावर, शर्टाला पीठ. परवा माझा एक जुना विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, तुम्ही इथे? तुमच्याकडे तर घरघंटी होती ना?"

"होती," मी म्हणालो, गिरणीच्या आवाजावरून रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "विकली. नऊ हजाराला. एक रुपया कमी केला नाही."

मग गिरणीवाल्याला दोनदा बजावून सांगितलं, "बारीक जाळी लाव."

तो म्हणाला, "सर, इथे जातं असतं, जाळी नसते."

"तरी लाव," मी म्हणालो आणि डबा पुढे सरकवला.